संगणकाची पाटी व वही
हार्ड डिस्क निकामी झालेला संगणक निव्वळ स्मृतीवर चालविणे : एक नमुना पाठ

इयत्ता : सहावी व सातवी
विषय : विज्ञान व कार्यानुभव
वेळ : दोन तासिका

प्रास्ताविक

खानदेशातील पुष्कळ शाळांत एखादा तरी संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला आढळतो. तो सुरू केला असता दिवा लागतो, आतील पंखा फिरतो, पडद्यावर दोन-चार ओळी उमटतात आणि डिस्क सापडत नाही अशा अर्थाची सूचना येऊन सर्व काही थांबते. तालुक्याच्या गावाहून आलेला कारागीर 'हार्ड डिस्क गेली' असे सांगतो. मग डेडस्टॉक रजिस्टरात 'नादुरुस्त' असा शेरा पडतो व यंत्र निर्लेखनाची वाट पाहत कोपऱ्यात बसते. मध्यंतरी सातवीचे एकामागून एक वर्ग शाळा सोडून जातात. त्यांतील कित्येक मुलांनी संगणक पाहिलेला असतो, पण त्याच्या कीबोर्डाला बोट लावलेले नसते.

वस्तुतः अशा यंत्राचा बहुधा एकच अवयव निकामी झालेला असतो. त्याचा मेंदू म्हणजे प्रोसेसर शाबूत असतो, स्मृती म्हणजे रॅम शाबूत असते, पडदा व कीबोर्डही चालू असतात. हार्ड डिस्कवाचून संगणक चालू शकतो, इतकेच नव्हे तर काही कामांत तो पूर्वीपेक्षा चपळ चालतो. ही गोष्ट कशी घडते हे शिक्षकांनी समजून घ्यावे, करून पाहावे आणि मग तिच्यावर पाठ घ्यावा, एवढ्यासाठी पुढील विवेचन केले आहे.

पाठाचे उद्देश

(१) तात्पुरती स्मृती व कायमचा साठा यांतील भेद मुलांच्या मनावर प्रत्यक्ष प्रयोगाने ठसविणे.
(२) केलेले काम जपून ठेवण्याची, म्हणजे 'सेव्ह' करण्याची, सवय लावणे.
(३) शाळेतील बंद पडलेले यंत्र अध्यापनाच्या उपयोगास आणणे.

शिक्षकांसाठी विषयविवेचन

संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. हार्ड डिस्क ही साठ्याची जागा होय. तीत चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरते आणि केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगणारा एक सूक्ष्म भाग तिच्यावरील खुणा वाचतो. वीज गेली तरी त्या खुणा पुसल्या जात नाहीत. परंतु फिरणारा व हलणारा भाग असल्यामुळे ही वस्तू नाजूक असते. चालू असताना बसलेला धक्का, वारंवार अचानक जाणारी वीज, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत साठणारी उष्णता, यांमुळे ती लवकर बिघडते.

रॅम ही कामाची जागा होय. तीत फिरणारा भाग नाही. तिच्या चिपांत अत्यंत सूक्ष्म विद्युतभार साठवून माहिती धरली जाते व तो भार सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो. म्हणून वीज गेली की रॅममधील सर्व काही नाहीसे होते. तिचा मोठा गुण म्हणजे वेग. हार्ड डिस्कवरील एखादी माहिती शोधून काढण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. रॅममधून ती मिळण्यास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग पुरतो. हा फरक एक लाख पटींचा झाला.

आता कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा, विचार करू. कीबोर्डावरून आलेले अक्षर ओळखणे, ते पडद्यावर दाखविणे, निरनिराळ्या कामांना जागा व वेळ वाटून देणे, ही व्यवस्था ती पाहते. नेहमीच्या संगणकात ती हार्ड डिस्कवर असते. संगणक सुरू झाल्यावर तिचा आवश्यक तेवढा भाग रॅममध्ये येतो आणि पुढे लागेल तसतसा आणखी भाग डिस्कवरून आणला जातो. म्हणूनच डिस्क बिघडताच सर्व थांबते. परंतु प्रणालीच जर इतकी आटोपशीर असेल, की ती सबंधच्या सबंध रॅममध्ये मावेल, तर एकदा तिथे नेऊन ठेवल्यावर डिस्कची गरजच उरत नाही. निव्वळ स्मृतीवर चालणाऱ्या प्रणालीचे मर्म एवढेच आहे.

ही कल्पना अगदी नवी नाही. १९८४-८५ साली भारत सरकारने 'क्लास' या नावाचा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुमारे २५० शाळांतून सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' हा संगणक घेतला होता. त्यात हार्ड डिस्क नव्हती. कार्यप्रणाली रॉम या कायमच्या चिपेत कोरलेली असे व बटण दाबताच यंत्र तयार होई. मुलांनी लिहिलेला प्रोग्राम अवघ्या ३२ किलोबाइटच्या रॅममध्ये राही; तो कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर उतरवून घेतला नाही तर यंत्र बंद करताच जाई. त्याही पूर्वी, १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकात लोहयुक्त बारीक कड्यांची चुंबकीय स्मृती होती. तशी स्मृती वीज गेल्यावरही टिकते. पुढे वेग वाढला, आकार व किंमत घटली, पण कामाच्या स्मृतीचा टिकाऊपणा गेला. यंत्रविद्येत एक लाभ घेताना दुसरा सोडावा लागतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आज उपलब्ध असलेल्या प्रणालींपैकी 'पपी लिनक्स' ही जुन्या यंत्रांस विशेष सोयीची आहे. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी ती २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. आवृत्तीप्रमाणे तिचा आकार काहीशे मेगाबाइट असतो आणि तीत लेखन, चित्रकला, हिशेबाचा तक्ता इत्यादी साधने आधीच घातलेली असतात. 'टायनी कोअर' ही त्याहून लहान असून तिचा चित्ररूप पडद्यासह आकार सुमारे २५ मेगाबाइट आहे. मात्र तिच्यात साधने आपली आपण भरावी लागतात. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांची 'क्नॉपिक्स' ही प्रणाली २००० सालापासून प्रसिद्ध असून तीही पुरेशी रॅम असल्यास सबंध स्मृतीत नेता येते. या सर्वांचा गाभा, लिनक्स, फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली विद्यार्थीदशेत लिहिण्यास आरंभ केला. त्याचा परवाना प्रती काढण्यास व वाटण्यास मोकळीक देतो. तेव्हा एका शाळेने काढलेली प्रत केंद्रातील दुसऱ्या शाळेस दिली तर नियमाचा भंग होत नाही.

केवळ हार्ड डिस्क बिघडलेल्या यंत्रांपुरताच हा विषय मर्यादित नाही. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. पुढची प्रणाली पेलू न शकणारी पुष्कळ चालती यंत्रे त्यामुळे 'जुनी' ठरली आहेत. त्यांचेही आयुष्य या मार्गाने वाढविता येईल.

आणखी एक बाब शिक्षकांनी नीट ध्यानात घ्यावी. पपीसारख्या प्रणालीचा मूळ मजकूर दाबून लहान केलेल्या व न बदलणाऱ्या फाइलीत असतो. पाठ्यपुस्तकाच्या पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर मुलाने खुणा कराव्यात, तशी ही रचना असते. खालचे पान वाचता येते, वरच्या कागदावर लिहिता येते, दोन्ही मिळून एकच पान दिसते. संगणक बंद केला की वरचा कागद टाकून दिला जातो. खालचे पान कोरे करकरीत राहते. मुलांनी चुकून काही पुसले, चिन्हे हलविली, रंग बदलले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पहिल्यासारखे उभे राहते. 'मुले बिघडवतील' या भीतीने संगणक झाकून ठेवण्याचे कारणच मग उरत नाही.

पूर्वतयारी

पाठापूर्वी किमान दोन दिवस शिक्षकांनी पुढील तयारी करावी.

ज्या ठिकाणी इंटरनेट व चालू संगणक आहे, जसे गटसाधन केंद्र, तेथून प्रणालीची फाइल उतरवून घ्यावी. फार जुन्या यंत्रास ३२ बिटची आवृत्ती लागते. ६४ बिटची त्यावर चालत नाही. ही फाइल छायाचित्राप्रमाणे पेन ड्राइव्हवर नुसती टाकून भागत नाही. 'रूफस' किंवा 'व्हेंटॉय' अशा साधनाने ती विशिष्ट रीतीने लिहावी लागते. या क्रियेत पेन ड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते, म्हणून कोरा पेन ड्राइव्हच वापरावा. शाळेची माहिती असलेला पेन ड्राइव्ह या कामास कदापि घेऊ नये.

नंतर मुख्याध्यापकांच्या संमतीने बंद यंत्र उघडून धूळ झाडावी. त्यापूर्वी वीजजोडणीचा प्लग काढलेला असावा. रॅमची पट्टी सैल असल्यास काढून, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा घट्ट बसवावी. निकामी डिस्कची केबल जाणत्या माणसाकडून सोडवून घ्यावी. मात्र डिस्क फेकू नये. तीत शाळेच्या जुन्या नोंदी असू शकतात व कार्यालयाच्या दृष्टीने ती अद्याप डेडस्टॉकमधील वस्तू आहे.

पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे आणि लगेच एफ-१२ किंवा एस्केप ही कळ पुन्हा पुन्हा दाबावी. कोणती कळ ते कंपनीप्रमाणे बदलते व बहुधा पहिल्या पडद्याच्या तळाशी लिहिलेले असते. येणाऱ्या यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा. पुढच्या यादीत प्रणाली सबंध रॅममध्ये नेण्याची ओळ असल्यास ती निवडावी. एक-दोन मिनिटांत पडदा तयार होतो. पूर्ण प्रणाली रॅममध्ये गेल्याची खात्री झाली, की पेन ड्राइव्ह काढून दुसऱ्या यंत्राला लावावा. अशा रीतीने एकाच पेन ड्राइव्हवर शाळेतील सर्व यंत्रे एकामागून एक सुरू करता येतात.

मराठी लेखनाची तयारी आधी करून पाहावी. लहान प्रणालीत देवनागरी टंक असेलच असे नाही. नसल्यास अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने मूळ तयार केलेले 'लोहित' टंक मुक्त परवान्याने मिळतात. ते प्रणालीत भरून घ्यावेत. टंक भरल्यावर मात्र बंद करतेवेळी प्रणाली 'हे सत्र जपून ठेवायचे का' असे विचारील तेव्हा एकदा होकार द्यावा, म्हणजे तो बदल पेन ड्राइव्हवर टिकतो. पुढे मुलांच्या तासिकांनंतर नकार द्यावा.

पाठाचा विकास

पहिली पायरी : पूर्वज्ञान. प्रत्येक मुलाने पाटीवर एक गुणाकार सोडवावा. निम्म्या मुलांना उत्तर वहीत उतरवून घेण्यास सांगावे, उरलेल्यांना नाही. नंतर सर्वांना पाट्या पुसावयास लावून उत्तर विचारावे. काम जलद कशावर होते, टिकते कशात, हे दोन प्रश्न विचारून पाटी व वही यांचे निरनिराळे उपयोग मुलांकडूनच काढून घ्यावेत. उत्तर शिक्षकांनी सांगू नये.

दुसरी पायरी : हेतुकथन. "संगणकालाही एक पाटी व एक वही असते. आपल्या शाळेतील संगणकाची वही फाटली आहे. तरी तो चालेल का, हे आज पाहावयाचे आहे." एवढ्या तीन वाक्यांत हेतू सांगावा. ज्या गावी मुलांची घरची बोली अहिराणी आहे तेथे हेच वाक्य एकदा अहिराणीत म्हणावे.

तिसरी पायरी : विषयप्रतिपादन. मुलांसमोर यंत्र प्रथम पेन ड्राइव्हवाचून सुरू करावे व येणारी सूचना वाचून दाखवावी. नंतर पेन ड्राइव्ह लावून सुरू करावे. पडदा तयार होताच पेन ड्राइव्ह काढून तो एका मुलाच्या हाती द्यावा. "आता प्रणाली कोठे आहे?" या प्रश्नाला मुलांना पुरेसा वेळ द्यावा. काही मुले 'पेन ड्राइव्हमध्ये' म्हणतील, काही 'पडद्यात' म्हणतील. चूक उत्तरास हसू देऊ नये. त्या उत्तराने पुढे काय व्हावयास हवे होते ते विचारावे. प्रणाली पेन ड्राइव्हमध्येच राहिली असती, तर तो मुलाच्या हाती असताना यंत्र चालले नसते, हे मुलेच सांगतील.

चौथी पायरी : प्रयोग व तुलना. एका मुलीने आपले नाव व गावाचे नाव टंकलिखित करावे. ते जपून न ठेवता यंत्र बंद करावे व पुन्हा सुरू करावे. नाव गेलेले असेल. दुसऱ्या खेपेस तेच लिहून पेन ड्राइव्हवर सेव्ह करावे, पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा देऊन तो बाहेर काढावा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे व फाइल उघडावी. नाव सापडेल. हे दोन्ही प्रयोग मुलांच्या हातून व्हावेत. पाठ चालू असताना वीज गेली तर शिक्षकांनी खट्टू होऊ नये. त्यांनी योजलेलाच पहिला प्रयोग वीज मंडळाने करून दाखविला, असे समजावे. त्या वेळी कोणाचे काय गेले, कोणाचे राहिले, याची नोंद फळ्यावर करावी.

पाचवी पायरी : सिद्धान्त. मुलांच्या उत्तरांवरून फळ्यावर पुढील सारांश लिहावा :

रॅम = पाटी. जलद. वीज गेली की कोरी.
डिस्क, पेन ड्राइव्ह = वही. सावकाश. वीज गेली तरी टिकते.
प्रणाली पाटीवर मावली तर वहीवाचून यंत्र चालते.
जे टिकावे असे वाटते ते आठवणीने वहीत उतरावे.

सहावी पायरी : उपयोजन. येथे जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण अवश्य द्यावे. त्यांचा जन्म १८८० साली असोदे येथे झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व घरी काम करताना त्यांना गाणी सुचत आणि ती त्यांच्या स्मरणात राहत. त्यांचे पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही वेळोवेळी लिहून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आज महाराष्ट्र जी गाणी म्हणतो ती लिहून घेतलेली गाणी होत. जी कोणी लिहून घेतली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली. या उदाहरणाची मर्यादाही सांगावी. माणसाची स्मृती झोपेने पुसली जात नाही, यंत्राची बटण बंद होताच पुसली जाते. परंतु निर्मिती स्मृतीत होते आणि ती पुढच्या पिढीस मिळते लेखनाने, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे. मुलांनी घरी आजीकडून एक ओवी किंवा म्हण ऐकावी, पुढच्या तासाला ती संगणकावर लिहावी व न विसरता सेव्ह करावी. तिच्याखाली आजीचे नाव घालावे.

मर्यादा व दक्षता

या रीतीचे दोषही शिक्षकांनी ओळखून असावे. रॅम एक गिगाबाइट असल्यास लेखन, चित्रकला व गणिताचे खेळ यांस ती पुरते. परंतु इंटरनेटची पाने उघडू लागताच भरते व यंत्र अडते. अशा वेळी अनावश्यक खिडक्या बंद कराव्यात. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही प्रणाली भारतीय भाषांस चांगली असली, तरी आकाराने मोठी आहे. ती सबंध स्मृतीत नेण्यास अधिक रॅम हवी.

शाळेची हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचे हिशेब असे दप्तरी काम स्मृतीवर चालणाऱ्या यंत्रावर करू नये. केलेच, तर दर दहा मिनिटांनी पेन ड्राइव्हवर उतरवावे व त्याची दुसरी प्रत ठेवावी. यंत्र रोज कोरे होत असल्याने त्यात शिरलेला व्हायरसही रॅमबरोबर जातो हे खरे. पण लावलेल्या पेन ड्राइव्हवर तो जाऊ शकतो. म्हणून प्रणालीचा पेन ड्राइव्ह व मुलांच्या कामाचा पेन ड्राइव्ह निरनिराळे ठेवून त्यांवर तशी चिठ्ठी चिकटवावी.

सर्वच बंद यंत्रे या उपायाने चालू होतील असे नाही. वीजपुरवठ्याचा डबा, मुख्य बोर्ड किंवा खुद्द रॅम बिघडली असेल तर उपयोग होणार नाही. तथापि दोन बंद यंत्रांतील चांगले भाग एकत्र करून एक चालते होऊ शकते. तसे केल्यास रजिस्टरात नोंद घ्यावी.

स्वाध्याय

(१) एका यंत्राची रॅम १ गिगाबाइट, म्हणजे १,०२४ मेगाबाइट आहे. ४०० मेगाबाइटची प्रणाली तीत नेली, तर कामासाठी किती जागा उरेल? (उत्तर : ६२४ मेगाबाइट)
(२) १ मेगाबाइट म्हणजे १,०२४ किलोबाइट. ३२ किलोबाइटच्या किती बीबीसी मायक्रो संगणकांची स्मृती १ गिगाबाइटमध्ये मावेल? (उत्तर : ३२,७६८)
(३) घरातील कोणत्या वस्तू वीज गेल्यावर 'विसरतात' व कोणत्या विसरत नाहीत, याची यादी करा. घड्याळ, मोबाइल, रेडिओ यांचा विचार करा.
(४) तुमच्या पाटीवरील एखादी अशी गोष्ट सांगा, की जी वहीत उतरवली असती तर बरे झाले असते.

उपसंहार

हा पाठ घेण्यास नवे अनुदान लागत नाही. एक कोरा पेन ड्राइव्ह, एक झाकलेले यंत्र व शिक्षकाचे दोन दिवसांचे परिश्रम एवढेच साहित्य पुरे आहे. केंद्रसंमेलनात ज्या शिक्षकाने हे करून पाहिले असेल त्याने इतरांसमोर प्रात्यक्षिक करावे व आपला पेन ड्राइव्ह प्रतीसाठी द्यावा. 'नादुरुस्त' हा शेरा लिहिण्यापूर्वी नेमके काय नादुरुस्त आहे हे पाहण्याची सवय लागली, तर शाळेतील कित्येक वस्तूंस पुन्हा काम मिळेल. जो संगणक काल विसरून गेला असेल, त्याच्यासमोर आज सातवीतील एखादी मुलगी आपले नाव पहिल्यांदा लिहील. आणि ते जपून ठेवावयाचे असते, हे तिला तेव्हाच कळलेले असेल.